ताबा त्यांचा, जोखीम आपली

रत्नागिरी तालुक्यातील पाली हे मुंबई-गोवा महामार्गावरचे बाजारपेठेचे गाव. आंबा घाटातून कोल्हापूरकडे जाणारा रस्ता येथूनच वेगळा होतो. पालीच्या उत्तरेस, गुहागर तालुक्यात, अंजनवेलच्या किनाऱ्यावर एन्रॉनने उभारलेला दाभोळचा वीजप्रकल्प आहे. दक्षिणेस राजापूर तालुक्यात तीन जागा आहेत : जैतापूरच्या अणुप्रकल्पासाठी संपादन झालेला माडबनचा सडा, तेलशुद्धीकरण कारखान्यासाठी प्रथम निवडलेले नाणार, आणि त्याच कारखान्यासाठी २०२३ साली बंदोबस्तात मातीपरीक्षण झाले ते बारसू. तीस वर्षांच्या अवधीत एकाच जिल्ह्यात परदेशी भांडवल तीन निरनिराळ्या रूपांनी आले अथवा यावयास निघाले. दाभोळला ते मालक म्हणून आले, जैतापूरला यंत्रे विकणारा म्हणून येऊ पाहत होते, आणि नाणारला सरकारी तेलकंपन्यांचा भागीदार म्हणून.

या तिन्ही प्रकल्पांवर जिल्ह्यात सभा झाल्या, मोर्चे निघाले, लाठ्या पडल्या. वादाचा प्रश्न मात्र बहुधा एकच राहिला : प्रकल्प हवा की नको? हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. ज्याची आंब्याची बाग आणि मासेमारी जाणार त्याला तो विचारण्याचा प्रथम हक्क आहे. परंतु या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला असतो आणि तो क्वचितच विचारला जातो. कंपनीने येण्याची ही विशिष्ट वाट का निवडली? एका ठिकाणी स्वतःची मालकी, दुसऱ्या ठिकाणी केवळ विक्री, तिसऱ्या ठिकाणी भागीदारी, असा भेद तिने का केला? वरवर पाहता ही तांत्रिक बाब वाटते. वस्तुतः सत्ता कोणाच्या हाती राहणार, नफा कोठे जाणार आणि उद्या प्रकल्प बुडाला तर भरपाई कोणी करावयाची, हे सारे या निवडीतच ठरून गेलेले असते.

वाटा किती आणि निवड कशी

परदेशी कंपनीपुढे ढोबळमानाने पाच वाटा असतात. माल निर्यात करणे, ही पहिली. आपले तंत्रज्ञान व नाममुद्रा ठरावीक मोबदल्यात स्थानिक उत्पादकास वापरू देणे, म्हणजे परवाना करार, ही दुसरी. स्थानिक भांडवलदाराबरोबर अथवा सरकारी उद्योगाबरोबर संयुक्त कंपनी काढणे, ही तिसरी. पूर्ण मालकीची कंपनी स्थापणे, मग ती नवा कारखाना उभारून असो की चालू कारखाना विकत घेऊन, ही चौथी. आणि सरकारशी दीर्घ मुदतीचा खरेदी-करार अथवा उत्पादन-वाटणीचा करार करून त्याच्या आधारावर प्रकल्प उभारणे, ही पाचवी. या वाटा अनेकदा एकमेकींत मिसळतात, तथापि त्यांच्यातील भेद ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते.

कंपनी यांतील एक वाट का धरते, याचा शोध अर्थशास्त्राने उशिरा घेतला. कॅनडाचे अर्थशास्त्रज्ञ स्टीफन हायमर यांनी १९६० साली लिहिलेला प्रबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १९७६ मध्ये, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यांचा मुद्दा साधा होता. केवळ अधिक व्याजाच्या आशेने पैसा देशाबाहेर जात असेल तर तो रोखे घेऊन थांबेल; परमुलुखात कारखाना काढण्याचा उपद्व्याप कशाला करील? तो उपद्व्याप कंपनी करते ती ताब्यासाठी. तिच्यापाशी एखादे तंत्र, एखादी नाममुद्रा, एखादी विक्रीव्यवस्था अशी असते की तिच्यावरचा ताबा हाच तिच्या नफ्याचा उगम असतो. पुढे १९७० च्या दशकात ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन डनिंग यांनी याची पद्धतशीर मांडणी केली. कंपनीपाशी काही खास सामर्थ्य हवे, परक्या देशात जाण्याचा काही लाभ हवा, आणि ते सामर्थ्य दुसऱ्यास भाड्याने देण्यापेक्षा स्वतःच्या घरात ठेवणे तिला अधिक किफायतशीर वाटावयास हवे. या तिन्ही गोष्टी जुळल्या की ती स्वतः कारखाना काढते. तिसरी नसेल तर परवाना देऊन मोकळी होते.

ज्या देशांत सरकारी नियोजनाकडून बाजाराकडे संक्रमण चालू असते तेथे या हिशेबाला आणखी एक पदर येतो. कायदे बदलत असतात, न्यायालये नव्या व्यवहारांना सरावलेली नसतात, परवानग्या अनेक दारांतून मिळवाव्या लागतात. अशा अपरिचित मुलुखात कंपनीला वाटाड्या लागतो. म्हणून ती प्रारंभी स्थानिक भागीदार शोधते. परंतु भागीदाराबरोबर ताबाही वाटावा लागतो आणि तंत्र त्याच्या हाती जाण्याचे भय राहते. तेव्हा मुलूख परिचयाचा झाला आणि कायद्याने वाट दिली की भागीदाराची गरज संपते. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण या व्यवहाराला तंतोतंत लागू पडते.

युरोप, चीन आणि पुणे

पूर्व युरोपात १९८९ नंतर हे नाट्य उघड्यावर घडले. चेकोस्लोव्हाकियातील श्कोडा या सरकारी मोटार कारखान्यात जर्मनीची फोक्सवॅगन कंपनी १९९१ साली ३१ टक्क्यांची भागीदार म्हणून शिरली. २००० सालापर्यंत संपूर्ण कारखाना तिच्या मालकीचा झाला. हंगेरीतील तुंग्सराम या दिव्यांच्या जुन्या कारखान्याचे निम्म्याहून किंचित अधिक भाग अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने १९८९-९० मध्ये घेतले, पुढे सगळे घेतले, हजारो कामगार कमी केले, आणि २०१८ साली तो व्यवसाय विकून ती बाहेर पडली. चार वर्षांनी तुंग्सराम दिवाळखोरीत गेली. याच जनरल इलेक्ट्रिकचा दाभोळच्या कंपनीत १० टक्के वाटा होता, हे येथे नोंदवून ठेवावे.

चीनने निराळी रीत अवलंबिली. १९७९ साली त्याने संयुक्त उद्योगांचा कायदा केला, १९८६ साली पूर्ण परदेशी मालकीलाही वाट दिली. पण मोटार उद्योगात स्थानिक भागीदार बंधनकारक ठेवला आणि परदेशी वाटा निम्म्यावर रोखला. हे बंधन विजेवर चालणाऱ्या मोटारींपुरते २०१८ मध्ये व सर्व प्रवासी मोटारींसाठी २०२२ मध्ये उठले. मधल्या काळात चीनचे स्वतःचे मोटार-उद्योग जगाच्या बाजारात उभे राहिले होते. या यशाला संयुक्त कंपन्यांखेरीज अन्य कारणेही आहेत, आणि तेथील कामगारांना स्वतंत्र संघटना करण्याचा हक्क नाही हेही विसरता येणार नाही. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. भागीदाराला केव्हा निरोप द्यावयाचा याचा निर्णय तेथे कंपनीने एकटीने घेतला नाही. त्याची मुदत बव्हंशी राज्यसंस्थेने ठरविली.

महाराष्ट्राने या साऱ्या अवस्था स्वतःच्या अंगणात पाहिल्या आहेत. पुण्याजवळ आकुर्डीच्या बजाज ऑटोने इटलीच्या पियाजिओ कंपनीशी परवाना करार करून स्कूटर बनविली. तो करार १९७१ साली संपला आणि पुढच्याच वर्षी बजाजने स्वतःच्या नावाची चेतक बाजारात आणली. त्या अकरा-बारा वर्षांत कारागीर तयार झाले, सुटे भाग बनविणारे लहान कारखाने पिंपरी-चिंचवड परिसरात उभे राहिले, आणि परवाना संपला तरी हे ज्ञान येथेच राहिले. टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी १९५४ साली केलेला पंधरा वर्षांचा करारही याच जातीचा होता. कंपन्यांनी ही वाट धरली ती उदारपणाने नव्हे. तेव्हाच्या भारतात मालकीचा दरवाजा अरुंद होता आणि परवान्यावाचून दुसरी सोयीची वाट नव्हती.

दरवाजा रुंद झाला तशी त्याच कंपन्यांची वाटही बदलली. १९९१ च्या जुलैमधील औद्योगिक धोरणाने अनेक उद्योगांत ५१ टक्के परदेशी भागभांडवलास आपोआप मंजुरी दिली. पियाजिओ पुन्हा आली ती १९९० च्या दशकाच्या अखेरीस ग्रीव्ह्जबरोबर संयुक्त कंपनी करून, बारामतीत तीनचाकी वाहने बनविण्यासाठी. काही वर्षांतच ती कंपनी पूर्णतः पियाजिओची झाली. डाइमलरने १९९४ साली टेल्कोबरोबर पुण्यात मर्सिडीजची संयुक्त कंपनी काढली. तीही काही वर्षांत पूर्ण जर्मन मालकीची झाली आणि २००९ मध्ये चाकणला स्वतःच्या जागेत गेली. पुण्याच्याच फिरोदियांच्या कायनेटिक उद्योगाने जपानच्या होंडाबरोबर १९८४ साली कायनेटिक होंडा सुरू केली. १९९८ मध्ये होंडाने आपला वाटा विकला आणि दुसऱ्याच वर्षी हरियाणात स्कूटरसाठी पूर्ण मालकीची कंपनी स्थापिली. भारतीय भागीदाराचे ना-हरकत पत्र असल्याखेरीज त्याच क्षेत्रात दुसरा उद्योग काढू नये, अशी अट केंद्र सरकारने १९९८ च्या डिसेंबरात घातली होती खरी. पण ती २००५ साली सैल झाली व २०११ साली पूर्णपणे उठली.

टक्केवारीचा भ्रम

येथे समाजवादी कार्यकर्त्यांनी आपल्याही एका जुन्या समजुतीची परीक्षा केली पाहिजे. परदेशी मालकीची टक्केवारी कमी केली की परदेशी सत्ता आपोआप कमी होते, ही ती समजूत. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने बहुतेक उद्योगांत परदेशी वाट्यास ४० टक्क्यांची मर्यादा घातली. १९७७ साली जनता सरकार आल्यावर उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांच्या कारकिर्दीत ती कसोशीने लागू झाली. कोका-कोला आणि आय. बी. एम. यांनी ताबा सोडण्यापेक्षा देश सोडणे पत्करले. त्या दोन नावांचा गाजावाजा एवढा झाला की बाकीच्या शेकडो कंपन्यांनी काय केले, हे पाहावयाचे राहून गेले. त्यांतील बहुसंख्य येथेच राहिल्या. त्यांनी आपले भाग विकले, पण ते हजारो लहान भागधारकांत विखुरले. भागधारकांच्या सभेत एकगठ्ठा ४० टक्के मते असणारा आणि इतरांपाशी प्रत्येकी चिमूटभर मते असणारे, अशी स्थिती असेल तर निर्णय कोण घेणार हे सांगावयास नको. मालकी ४० टक्के आणि ताबा शंभर टक्के, असे हे गणित होते. हिंदुस्तान लीव्हरसारख्या कंपनीने तर उच्च तंत्रज्ञान व निर्यात यांच्या आधारे ५१ टक्के वाटाही राखला.

कायदा चुकीचा होता असा याचा अर्थ नव्हे. परवाना करारांना मुदत घालण्याचे आणि देशी उद्योगाला शिकण्याची सवड देण्याचे काम त्या काळच्या निर्बंधांनी केले, याची साक्ष वर आलीच आहे. बोध एवढाच की मालकी, ताबा आणि जोखीम या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. कंपनीचा प्रयत्न त्या एकमेकींपासून सोडवून घेण्याचा असतो. मालकी वाटून घेण्यास ती तयार होते, प्रसंगी मालकी पूर्ण सोडूनही देते. ताबा मात्र ती सहसा सोडत नाही, आणि जोखीम शक्य तितकी दुसऱ्याच्या गळ्यात बांधते. ही कसोटी रत्नागिरी जिल्ह्यातील तिन्ही प्रकल्पांना लावून पाहिली म्हणजे चित्र स्पष्ट होते.

दाभोळ : मालकास हमी

दाभोळ वीज कंपनीत एन्रॉनचे ८० टक्के आणि जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल यांचे प्रत्येकी १० टक्के भाग होते. मालकी पूर्णतः परदेशी. सामान्य न्यायाने ज्याची मालकी त्याची जोखीम. पण १९९३ च्या डिसेंबरात महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी झालेला वीजखरेदी करार या न्यायाच्या नेमका उलट होता. स्पर्धात्मक निविदा मागविल्या गेल्या नाहीत. मंडळाने वीस वर्षे वीज घ्यावयाची, आणि घेतली नाही तरी प्रकल्पाच्या क्षमतेचा आकार भरावयाचा. दराचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला, म्हणजे रुपया घसरला तर बोजा ग्राहकावर. मंडळाने पैसे दिले नाहीत तर राज्य सरकारची हमी, आणि राज्याने दिले नाहीत तर केंद्राची प्रतिहमी. वाद झाला तर लवाद लंडनमध्ये. मागणी घटण्याची, इंधन महागण्याची, चलन घसरण्याची आणि ग्राहक बुडण्याची अशा साऱ्या जोखमी कंपनीच्या अंगावरून उतरवून येथील वीजग्राहक व करदाते यांच्या अंगावर घालण्यात आल्या. हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, असे जागतिक बँकेनेही १९९३ सालीच कळविले होते.

कंपनीने अशी तटबंदी का उभारली याचे उत्तर अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रेमंड व्हर्नन यांनी १९७१ सालीच देऊन ठेवले होते. पैसा गुंतविण्यापूर्वी कंपनीची सौदाशक्ती मोठी असते, कारण ती अन्यत्र जाऊ शकते. धक्का, टाक्या आणि जनित्रे एकदा जमिनीत रोवली गेली की ती उचलून नेता येत नाहीत, आणि मग पारडे सरकारकडे झुकते. हे कंपनीला आधीच ठाऊक असते. म्हणून ती पुढे येणाऱ्या दुर्बलतेचा बंदोबस्त पहिल्याच दिवशी, आपण प्रबळ असताना, करारात करून ठेवते. परदेशी लवाद, सरकारी हमी, स्वदेशीच्या सरकारी संस्थेकडून राजकीय जोखमीचा विमा, मॉरिशसमार्गे आणलेले भागभांडवल, हे सारे त्या बंदोबस्ताचे चिरे असतात.

१९९५ साली राज्यात सत्तांतर झाले. गोपीनाथ मुंडे समितीने करारावर ठपका ठेवला आणि ऑगस्टमध्ये मनोहर जोशी सरकारने प्रकल्प रद्द केला. एन्रॉनने लंडनचा लवाद मांडला. काही महिन्यांतच वाटाघाटी होऊन १९९६ च्या प्रारंभी प्रकल्प परत आला; आधी २,०१५ मेगावॅटचा होता, तो आता २,१८४ मेगावॅटचा झाला. तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारने तेवढ्या अवधीतही प्रतिहमीला मंजुरी दिली. पक्ष कोणताही असो, करारातील तटबंदी सत्तांतराला पुरून उरली, हा या प्रकरणाचा खरा धडा आहे.

१९९९ च्या मे महिन्यात पहिला टप्पा सुरू झाला. पुण्याच्या ‘प्रयास’ गटाने आकडेमोड करून जे आधीच दाखविले होते, आणि मृणाल गोरे यांच्यासारख्या नेत्यांनी ज्यासाठी लढा दिला होता, ते दोन वर्षांत प्रत्यक्षात उतरले. मंडळाला बिल झेपेना. २००१ च्या मे अखेरीस प्रकल्प बंद पडला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉन स्वतःच दिवाळखोर झाली. एन्रॉनचे भागभांडवल बुडाले, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु बेक्टेल आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मॉरिशसबरोबरच्या गुंतवणूक-कराराचा आधार घेऊन लवादात दावे केले, आणि २००५ मध्ये त्यांची पैसे देऊन तडजोड करावी लागली. भारतीय बँकांची व वित्तसंस्थांची कर्जे अडकली. बंद प्रकल्प सावरण्यासाठी त्याच वर्षी एनटीपीसी व गेल या सार्वजनिक कंपन्यांना पुढे करून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापावी लागली. मालकी परक्यांची होती. निस्तरावे लागले ते सार्वजनिक क्षेत्राला.

रशियातील साखालिन बेटावरचे उदाहरण याच्या शेजारी ठेवण्याजोगे आहे. तेथे १९९४ साली शेलचा समावेश असलेल्या परदेशी कंपन्यांच्या गटाने तेल-वायूसाठी उत्पादन-वाटणीचा करार केला. कंपन्यांनी आधी आपला खर्च वसूल करावयाचा आणि मग सरकारला पूर्ण वाटा द्यावयाचा, अशी त्याची रचना होती. २००५ साली खर्चाचा अंदाज सुमारे १० अब्ज डॉलरवरून २० अब्जांवर गेला. खर्च फुगला की सरकारचा वाटा लांबला. जोखीम पुन्हा यजमानाचीच. पुढे २००६-०७ मध्ये गाझप्रॉमने त्या प्रकल्पात बहुमताचा वाटा मिळविला. रशियाला हे जमले ते दंडेलीच्या बळावर. लोकशाही मार्गाने चालणाऱ्या राज्याला तो पर्याय नसतो आणि नसावाही. म्हणूनच अशा राज्याने सही करण्यापूर्वीच सावध असणे अधिक अगत्याचे ठरते.

जैतापूर आणि नाणार : वाट बदलली, हिशेब तोच

दाभोळनंतर मालक होण्याची हौस ओसरली, असे जैतापूरवरून वाटते. माडबन, मिठगवाणे, निवेली, करेल या परिसरातील ९३८ हेक्टर जमीन २०१० पर्यंत संपादन झाली. तेथे १,६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्यांची योजना. मालक भारताचे अणुऊर्जा महामंडळ. भट्ट्या पुरविणार प्रथम फ्रान्सची अरेव्हा व नंतर तिचा अणुभट्टी-व्यवसाय घेणारी ईडीएफ. ईडीएफने २०२१ च्या एप्रिलमध्ये जो सविस्तर देकार दिला त्यात आपण या प्रकल्पात गुंतवणूकदार असणार नाही आणि बांधकामाची जबाबदारीही आपली नसेल, असे स्पष्ट केले. म्हणजे यंत्रे आणि आराखडा त्यांचा, पैसा आणि बांधकाम आपले. अपघाताच्या भरपाईबाबत २०१० च्या अणुदायित्व कायद्यात पुरवठादाराकडे दाद मागण्याची तरतूद होती. नेमकी तीच तरतूद परदेशी पुरवठादारांना वर्षानुवर्षे खुपत राहिली. मालकी नको, दायित्व नको, विक्री मात्र हवी, असा हा तिसऱ्या तऱ्हेचा व्यवहार होय.

नाणारच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात भागीदारीची वाट होती. वर्षाला ६ कोटी टन क्षमता आणि सुमारे ३ लाख कोटी रुपये खर्च. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम व हिंदुस्तान पेट्रोलियम यांची संयुक्त कंपनी २०१७ च्या सप्टेंबरात स्थापन झाली. २०१८ च्या एप्रिलमध्ये सौदी अरामकोने आणि जूनमध्ये अबुधाबीच्या ॲडनॉकने ५० टक्के वाट्यासाठी सामंजस्य करार केले. येथे घटनांचा क्रम पाहण्यासारखा आहे. जमिनीची अधिसूचना २०१७ च्या मे महिन्यातच निघाली होती. म्हणजे परदेशी भागीदाराने सामंजस्य करारावर सही करण्यापूर्वी जवळजवळ वर्षभर येथील शेतकरी अधिसूचनेच्या टांगत्या तलवारीखाली होता. जमीन, परवानग्या आणि लोकांचा रोष हाताळणे हे काम सरकारी भागीदाराकडे. आपल्या कच्च्या तेलाला दीर्घकाळचे गिऱ्हाईक मिळविण्याचा लाभ परदेशी भागीदाराकडे. सामंजस्य करार मोडण्यास दमडीचाही खर्च येत नाही. २०१९ च्या मार्चमध्ये नाणारची अधिसूचना रद्द झाली तेव्हा अरामकोचे काही अडले नाही. गावांतील वैर, खटले आणि जमिनीच्या दलालांनी केलेले व्यवहार मात्र मागे राहिले. आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर, प्राचीन कातळशिल्पांच्या परिसरात, पोलिसांच्या गराड्यात मातीपरीक्षण झाले तेव्हा तेच चक्र पुन्हा फिरले.

या विवेचनावर एक आक्षेप घेतला जाईल व तो गंभीरपणे घ्यावयास हवा. कोकणातील तरुण आजही मुंबईच्या गाडीत बसतो. राज्यापाशी भांडवल अपुरे आहे. अटी कडक केल्या तर कंपन्या दुसऱ्या राज्यात जातील, असे म्हटले जाईल. भांडवलाची गरज नाकारण्यात अर्थ नाही. पण गरजवंताने सौदा करू नये, असा नियम कोणी केला? कंपनी जोखमीचा मोबदला मागते, आणि तो मागणे तिच्या दृष्टीने रास्त आहे. मग जी जोखीम तिने घेतलीच नाही तिचा मोबदला तिला का द्यावा? राज्या-राज्यांतील स्पर्धेचा धाक घातला जातो, तेव्हा हेही सांगावयास हवे की सवलतींच्या बळावर आलेला कारखाना सवलतींबरोबरच जातो. तळेगावला २००८ मध्ये आलेल्या जनरल मोटर्सने २०२० च्या डिसेंबरात उत्पादन थांबविले. जागा व यंत्रे घेण्याचा करार ह्युंदाईने २०२३ साली केला. कामगारांना मधली वर्षे न्यायालयांच्या पायऱ्या चढण्यात घालवावी लागली. जाण्याची वाट कशी असावी हे येण्याच्या करारात लिहिलेले नसले की असे होते.

कार्यकर्त्यांनी काय विचारावे

तेव्हा पुढचा प्रकल्प येईल, आणि तो येणारच आहे, तेव्हा ‘परदेशी की देशी’ या एका प्रश्नावर थांबून चालणार नाही. देशी भांडवलदाराशी केलेली भागीदारी म्हणजे लोकांशी केलेली भागीदारी नव्हे. अनेकदा तो केवळ परवानग्यांचा मुकादम असतो. विचारावयाचे प्रश्न निराळे आहेत आणि ते प्रत्येक प्रकल्पाला सारखेच लागू पडतात.

पहिला, भाग कोणाचे किती, याबरोबरच संचालक नेमण्याचा आणि निर्णय अडविण्याचा अधिकार कोणाचा? दुसरा, किंमत, चलन, मागणी आणि अपघात या चार जोखमी करारात कोणाच्या नावावर आहेत? तिसरा, कराराची मुदत संपेल तेव्हा येथील अभियंता व कामगार यांच्या हाती कोणते ज्ञान उरेल? चौथा, वाद कोठे चालणार, आणि भांडवल ज्या देशातून आल्याचे दाखविले आहे त्या देशाशी भारताचा कोणता गुंतवणूक-करार आहे? भारताने २०१६-१७ मध्ये असे बहुसंख्य जुने करार संपुष्टात आणण्याच्या नोटिसा दिल्या, त्यामागे असेच कडू अनुभव होते. पाचवा, कंपनी निघून जाईल तेव्हा जमिनीचे, कामगारांचे आणि प्रदूषणाचे काय?

या प्रश्नांची उत्तरे मिळावयाची तर करार उघड हवेत. दाभोळच्या करारातील कलमे लोकांपुढे आली ती सही झाल्यानंतर, आणि तीही झगडून. म्हणून मागणी एकच पण ठाम असली पाहिजे : भागभांडवलाचा, खरेदीचा आणि हमीचा पूर्ण मसुदा मराठीत प्रसिद्ध झाल्याखेरीज व संबंधित ग्रामसभांपुढे चर्चेस आल्याखेरीज जमिनीची अधिसूचना निघू नये. आधी सातबारा आणि मग करार, हा क्रम उलटा झाला पाहिजे. ही मागणी प्रकल्पाच्या समर्थकालाही नाकारता येण्याजोगी नाही, आणि म्हणूनच दोन्ही बाजूंच्या गावकऱ्यांना ती एकत्र आणू शकते.

पाली, लांजा, राजापूर येथील कार्यकर्त्यांनी मोर्चाची तयारी जितक्या निष्ठेने करावी तितक्याच निष्ठेने करार वाचण्याची तयारी केली पाहिजे. त्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. खोती आणि सावकारी यांच्या दस्तांतील कोणती ओळ आपल्याला बांधून टाकते, हे कोकणातील कुळाने पिढ्यान् पिढ्या सोसून ओळखले आहे. आता दस्त इंग्रजीत असतात आणि लवाद लंडनला बसतो, इतकाच फरक आहे. कंपनी आपली वाट पूर्ण हिशेब करून निवडते. ज्यांच्या जमिनीवरून ती वाट जाणार त्यांनीही तितकाच काटेकोर हिशेब मांडावा, आणि तो सही होण्यापूर्वी मांडावा.